दोआन जेवायला कुणाकडे?

दोंग सा, जिल्हा थाई बिन्ह
२४ मे १९९९

मियेन,

माझं पत्र बघून दचकू नकोस. कुणी मेलेलं नाही. मरायचा तो लढाईतच मेला, आणि पत्र त्याच्याबद्दलच आहे.

गेल्या शुक्रवारी माझ्या भावाचं, म्हणजे तुझ्या पहिल्या नवऱ्याचं, श्राद्ध होतं. तुला आठवलं असेल तर असेल, तू आता दुसऱ्या घरची. सरकारी कागदावर दोआनच्या नावापुढे 'दक्षिण आघाडीवर, १९७०' एवढंच लिहिलेलं. तिथी नाही की महिना नाही. म्हणून तो घरातून निघाला ती तिथी मी धरली, चौथ्या महिन्याची सप्तमी. कागद हातात पडल्यापासून दर वर्षी घालते आहे, एकदाही चुकलं नाही. यंदाही कोंबडी, लाल चिकट भात, बांबूच्या कोंबांचा रस्सा आणि माझी केळफुलाची कोशिंबीर, जी तो लहानपणी बोटं चाटून खायचा.

सगळं देव्हाऱ्यापुढे मांडलं, उदबत्ती लावली, पितरांना हाक मारली, दोआनला हाक मारली. उदबत्ती अर्धी जळल्यावर बशीत दोन नाणी टाकून विचारलं, "बाळा, झालं का जेवून? पानं उचलू?" तुला ठाऊकच आहे, एक छापा नि एक काटा पडला तर हो, दोन्ही सारखी पडली तर नाही. दोन्ही काटे! म्हटलं असेल बाबा, सावकाश जेव. पुन्हा टाकली, पुन्हा नाही. पाहुणे चटईवर बसलेले. शेजारचा म्हातारा बिएन तर कोंबडीच्या तंगडीकडे असा बघत होता की त्याच्याच श्राद्धाची वेळ आली असावी. शेवटी वैतागून मी विचारलं, "तुला भूकच नाहीये का?" एक छापा, एक काटा! "दुसरीकडे कुठे जेवतोस?" हो. मग मी गावातल्या एकेका घराचं नाव घेतलं. सगळीकडे नाही. शेवटी सहज, उगाच, विचारलं, "मियेनकडे?"

पुढचं सांगायची गरज नाही. सगळ्यांनी बघितलं. बिएनसुद्धा तंगडी विसरला.

आता नीट ऐक. नवरा मेल्यावर तू थांबलीस, मग दुसरं लग्न केलंस, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. (जो काढला तो तुझ्या तोंडावर काढला, मागे नाही.) पण दुसऱ्याच्या घरात बसून माझ्या भावाला जेवायला बोलावण्याचा तुला काडीचा हक्क नाही. काय खायला घालतेस त्याला?

थोम


थान्ह होआ, रेल्वे फाटकाजवळ
६ जून १९९९

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी आधी दार लावून घेतलं, मग पुन्हा वाचलं.

मी दोआनला जेवायला बोलावते हे तुम्हाला नाण्यांनी सांगितलं, आणि तुम्ही नाण्यांचं ऐकलंत. मी फाटकवाल्या वुओंगची बायको. त्यांच्या घरात त्यांच्या वाडवडिलांचा देव्हारा आहे. त्या देव्हाऱ्यापुढे मी पहिल्या नवऱ्याचं नाव घेईन का? शेजारी काय म्हणतील? सासूबाई होत्या तोवर तर माझी शिंकसुद्धा त्यांच्या परवानगीनं यायची.

वर्षातून एकदा, सत्तावीस जुलैला, हुतात्म्यांच्या दिवशी, सगळा देश करतो तेच मी करते. सकाळी गावच्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत जाते, ज्या थडग्यांवर नाव नाही त्यांच्यापुढे उदबत्त्या लावते, घरी येते. त्या दिवशी थोडा मासा करते, मातीच्या मडक्यात, आलं आणि जाळलेली साखर घालून. तो आमच्या ह्यांना फार आवडतो. एवढंच.

नाणी चुकली असतील. किंवा त्याला खरोखरच भूक नसेल. रागवू नका, पण केळफुलाची कोशिंबीर त्याला कधीच आवडली नाही. तुम्ही समोर बसून वाढायच्या म्हणून खायचा. लग्नानंतर मला म्हणाला होता, "ताईला सांगू नकोस, पण मी ती न चावता गिळतो."

तुमची तब्येत सांभाळा. सोबत इथला सुका आंबा पाठवते आहे.

मियेन


दोंग सा
१५ जून १९९९

मियेन,

आंबा मिळाला. चांगला आहे. त्यामुळे माझा राग कमी होईल असं तुला वाटलं असेल तर ते विसर.

न चावता गिळायचा म्हणे! आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला मी वाढवलं, पाठुंगळीवर घेऊन भाताच्या रोपांची लावणी केली, आणि त्याला काय आवडतं हे तू मला सांगणार? तू होतीस कितीशी त्याच्याबरोबर? लग्नाचे फटाके विझायच्या आत तो निघाला. तुझ्या ओठांवरचा पानाचा रंगही उतरला नव्हता.

आणि मासा! आता सगळं लक्षात आलं. "आमच्या ह्यांना फार आवडतो." मियेन, मी पासष्ट वर्षांची आहे. नवऱ्याला आवडणारा पदार्थ बायको वर्षातून एकदाच करते, तोही नेमका सत्तावीस जुलैला, हे मी मान डोलावत ऐकून घेईन असं वाटलं तुला? साळसूदपणा पुरे. खरं काय ते सांग.

आणि सत्तावीस जुलैचं मला कौतुक सांगू नकोस. तो सरकारचा दिवस आहे. पहाटे पाचला खांबावरचा भोंगा ओरडायला लागतो आणि माझी कोंबडी अंडं द्यायची विसरते. मग गावसमितीचे अध्यक्ष चहा-साखरेची पिशवी घेऊन दारात येतात, "देश आपला ऋणी आहे" म्हणतात, आणि पिशवी देताना फोटो निघेपर्यंत ती सोडत नाहीत. एका वर्षी आम्ही दोघं एका पिशवीला धरून इतका वेळ उभे होतो की लोकांना वाटलं भांडण चाललंय. मग दफनभूमीत नावं वाचतात. गेल्या वर्षी दोआनचं नाव आलं आणि त्यांना शिंक आली. पुढचं नाव वाचलं. माझ्या भावाच्या वाट्याला देशाकडून शिंक आली! मी उभी राहून ओरडले, "परत वाचा!" वाचलं बिचाऱ्यांनी, घाबरून दोनदा.

त्या दफनभूमीत त्याचं नाव कोरलेला दगड आहे, खाली नुसती माती. जो दिवस सगळ्यांचा तो माझ्या दोआनचा कसा असेल? माणसाला स्वतःची तिथी लागते. त्या दिवशी त्याच्या घरात, त्याच्या नावानं चूल पेटावी लागते.

उलट टपाली उत्तर दे.

थोम


थान्ह होआ
२४ जून १९९९

वन्सं,

बरं. सांगते.

हो, मी त्याला बोलावते.

लग्न करून या घरात आले ते एक्याऐंशी साल. दोआनचं सगळं तुमच्या घरी राहिलं, फोटो, देव्हारा, श्राद्ध. माझ्याबरोबर काही आलं नाही, आणि येऊ नये अशीच रीत आहे. मीही मनाशी ठरवलं होतं की आता नाव काढायचं नाही. जुलै उजाडला. सत्तावीस तारखेला पहाटे आमच्या फाटकाजवळचा भोंगा बोलायला लागला की आज प्रत्येक घरानं देशासाठी पडलेल्यांसाठी उदबत्ती लावावी. मी तांदूळ धूत होते. माझे हात तिथेच थांबले. सासूबाई खाटेवरून ओरडल्या, "ऐकू येत नाही का? लाव की उदबत्ती. आज सगळेच लावतात!"

वन्सं, ज्या बाईनं मला माहेरचं नाव घेऊ दिलं नाही, तिनंच स्वतःच्या हातानं मला काडेपेटी दिली.

मी लावली. कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही. त्या दिवशी कुणी विचारत नाही. दफनभूमीत मी एका बिननावाच्या थडग्यापुढे बसून इतकी रडले की शेजारची एक अनोळखी म्हातारी पदरानं माझे डोळे पुसायला लागली. तिनंही विचारलं नाही तुझा कोण. वर्षातल्या बाकी सगळ्या दिवशी मी रडले असते तर वुओंगच्या बायकोला काय झालं म्हणून फाटकावर गर्दी जमली असती. तुम्ही म्हणता जो सगळ्यांचा तो त्याचा कसा? माझ्यासाठी उलट आहे. सगळ्यांचा आहे म्हणून तर त्यात मला माझा लपवता येतो.

त्याच दिवशी घरी येऊन मी मासा केला. लग्नानंतर त्याच्यासाठी केला होता तोच. चुलीपाशी बसून मनातल्या मनात म्हटलं, ये, जेवून जा. मोठ्यानं नाही. नाव घेऊन नाही. तेव्हापासून दर वर्षी.

आमच्या ह्यांना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं मासा त्यांच्यासाठी आहे. बिचारे दोनदा वाढून घेतात आणि शेवटी काटासुद्धा ठेवत नाहीत. त्यांना कळलं तर काय वाटेल? माझी शप्पथ आहे तुम्हाला, इकडे कुणाला कळू देऊ नका.

मियेन


दोंग सा
३ जुलै १९९९

मियेन,

बस आणि वाच. उभ्यानं वाचू नकोस.

गेल्या सोमवारी दुपारी दारात एक माणूस उभा. एक पाय ताठ, हातात काठी, डोक्यावर जुनी हिरवी टोपी. म्हणाला, "हे दोआनचं घर का?" मी म्हटलं, दोआन नाही, मी आहे. तर तो दारातच बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. लाप त्याचं नाव. दोआनच्याच तुकडीतला. इतकी वर्षं दक्षिणेत कॉफीच्या मळ्यात होता, गावाचं नाव विसरला होता, नुसतं थाई बिन्ह आठवत होतं. थाई बिन्हमध्ये गावोगाव विचारत फिरला.

त्याला तिथी माहीत आहे. कुत्र्याच्या वर्षातल्या, म्हणजे सत्तर सालच्या, सहाव्या महिन्याची पौर्णिमा. त्याला आठवतंय कारण चांदणं एवढं होतं की धूर दिसेल म्हणून चूल पेटवायची मनाई होती. ओढा ओलांडताना बॉम्ब पडले. दोआनच्या पाठीवर तांदळाची गोणी होती. लगेच गेला, त्रास झाला नाही, असं लाप म्हणाला. हे सगळेच सांगतात. मी विश्वास ठेवला.

रात्रभर मी त्या लापला प्रश्न विचारले. मग एकटी बसून विचार केला, आणि मला नाण्यांचा अर्थ लागला. अगं, इतकी वर्षं मी त्याला कोणत्या दिवशी बोलावत होते? घरातून निघायच्या दिवशी! दर वर्षी त्याच दिवशी पान वाढायचं, डोळे पुसायचे आणि म्हणायचं, जेव बाळा. त्याला वाटत असणार की ताई पुन्हा लढाईवर पाठवते आहे. कोण येईल अशा जेवायला?

आता माझ्या भावाला तिथी मिळाली. स्वतःची. यंदापासून श्राद्ध त्याच दिवशी, त्याच्याच घरी. त्यामुळे तुझा तो सत्तावीस जुलैचा चोरटा मासा आता बंद कर. तेव्हा तिथी नव्हती, तुझं चालून गेलं. आता आहे. आणि त्या बिचाऱ्या वुओंगला फसवणंही बंद होईल.

लाप तीन दिवस राहिला. माणूस लहान चणीचा, पण जेवण बघशील तर घाबरशील. त्यानं अजून एक गोष्ट सांगितली, ती काही लिहिण्यासारखी नाही.

थोम


थान्ह होआ
११ जुलै १९९९

वन्सं,

बसूनच वाचलं. सकाळची मालगाडी गेलेली मला कळली नाही, आणि आमच्या घरात मालगाडी जाताना भिंतीवरचं घड्याळसुद्धा हलतं.

पौर्णिमा. मी त्या रात्री काय करत होते ते आठवायचा खूप प्रयत्न केला. नाही आठवलं. पौर्णिमेला आम्ही बायका उशिरापर्यंत बाहेर धान वाळवायचो, तेवढंच. तोच चंद्र असणार.

मला आनंद झाला पाहिजे. झालाही. पण खरं सांगते, वाईटही वाटलं. इतकी वर्षं त्याला तिथी नव्हती म्हणून सगळ्या देशाची तिथी माझी होती. आता त्याला त्याची मिळाली, ती तुमच्या घराची. मी सहाव्या महिन्याच्या एका साध्या पौर्णिमेला फाटकाजवळच्या या घरात कुठल्या तोंडानं चूल पेटवू? आमचे हे विचारतील, आज काय आहे? मी काय सांगू? नवऱ्याचं श्राद्ध आहे म्हणून नवऱ्याला सांगू?

तुम्ही म्हणता ते रीतीला धरूनच आहे. मी बंद करीन. फक्त एक मागते. भिंतीवरचं रोज पान फाडायचं कॅलेंडर मी काल उलटून बघितलं. इंग्रजी तारीख आणि आपली तिथी, दोन्ही त्यात असतात. यंदा सहाव्या महिन्याची पौर्णिमा बरोबर सत्तावीस जुलैला आली आहे. तुम्ही बघितलं नसेल. तेवढ्या एका वर्षी मला करू द्या. एकदा, त्याच्या खऱ्या तिथीला. पुढच्या वर्षीपासून नाही करणार.

आणि लापभावोजींनी अजून काय सांगितलं ते कळवाल का? कसंही असलं तरी चालेल. त्याला दुसरी कुणी आवडली होती का?

मियेन


दोंग सा
१६ जुलै १९९९

मियेन,

दुसरी कुणी? त्या गाढवाला? तुझ्या डोक्यात काय येईल याचा नेम नाही.

कॅलेंडर मी बघितलं. विश्वास बसला नाही म्हणून शाळेतल्या मास्तरांचं बघितलं. मग समितीच्या ऑफिसातलं. सगळी कॅलेंडरं तुझ्याच बाजूची निघाली. आता काय करायचं? त्या दिवशी सकाळी आठला अध्यक्षांनी त्याला दफनभूमीत बोलावलेलं, अकराला मी घरी बोलावलेलं, आणि तू तिकडे थान्ह होआला मासा शिजवत बसलेली! तो बिचारा पायी चालणारा मुलगा. जिवंतपणी कधी बसमध्ये चढला की उलट्या करायचा. त्याला नदीकाठी फेरीबोटीपाशी उभं राहून विचार करावा लागेल की इकडे जाऊ की तिकडे. उपाशी राहायचा अशानं.

रागानं माझी जेवणावरची वासना उडाली. म्हणून आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते, म्हणजे तुझीही उडेल.

लापनं सांगितलं, जंगलात दोआन रात्र रात्र एकाच गोष्टीबद्दल बोलायचा. तुझ्या माशाबद्दल. लग्नानंतर तू पहिल्यांदा केलास आणि तळाला लावलास, काळा ठिक्कर. तू रडलीस आणि त्यानं मडकं खरवडून सगळा खाल्ला, म्हणे. तिकडे खायला कंदमुळं, आणि हा त्यांना तो जळका मासा वर्णन करून सांगायचा. आधी साखर कशी कडवट लागते, मग आलं कसं झोंबतं. अख्खी तुकडी तोंडपाठ शिकली. लाप मला म्हणाला, ताई, मी जन्मात तुमच्या भावजयीला बघितलं नाही, पण तिचं मडकं ओळखीन.

मग त्यानं मला तो करायला सांगितला. केला. चांगला केला. त्यानं एक घास खाल्ला आणि मान हलवली. "हा नाही. हा नीट झालाय."

मियेन, मी विचारलं त्याला. अगदी सहज विचारलं, केळफुलाच्या कोशिंबिरीबद्दल कधी काही बोलला का? लाप भला माणूस आहे. खूप वेळ आठवत बसला. मग म्हणाला, "बोलला असेल."

मला फार वाईट वाटलं. तुला सांगायला लाज वाटत नाही, मी माजघरात जाऊन रडले. मी त्याला वाढवलं आणि तो गेला तुझ्या जळक्या माशाची आठवण काढत. पण मग वाटलं, पोरगा दोन वर्षं उपाशी होता. उपाशी माणसाला रात्री काही तरी गोड आठवायला होतं, हे काय कमी आहे?

तर मासा कसा जाळायचा ते लिहून पाठव. नीट लिही, किती वेळ, किती आच. त्या दिवशी मी इथे करीन. तू तिकडे करू नकोस.

थोम


थान्ह होआ रेल्वे फाटक
२१ जुलै १९९९

आदरणीय थोमताई,

मी वुओंग. मियेनचा नवरा. आपली कधी गाठ पडली नाही. मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा चूकभूल माफ करावी.

तुमचं शेवटचं पत्र माझ्या हातात आलं. मी उघडलं नाही. पण मियेन ते वाचून दोन दिवस हसते आणि रडते, आणि काल तिनं भात शिजवताना तीनदा पाणी घातलं. म्हणून विचारलं. तिनं सगळं सांगितलं, आणि मग म्हणाली, तुम्हाला राग आला असेल.

ताई, राग यायला गोष्ट नवी असावी लागते. मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. आमची आई तेव्हा खाटेवर होती, तिलाही माहीत होतं. तिनंच मला सांगितलं, "आज सुनेला काही विचारू नकोस, आणि जे वाढेल ते खा." म्हणून खाल्लं. ताई, मला मासा आवडत नाही. गोड्या पाण्यातला तर अजिबातच नाही, आणि जळलेला म्हणजे काय सांगू. पण पानात टाकला असता तर तिला काही तरी बोलावं लागलं असतं. पहिल्या वर्षी मी उगाच दोनदा मागून घेतला. मग दर वर्षी दोनदा मागावा लागतो. एकदा चेहरा तसा केला की सुटका नसते.

माझ्या फाटकावर रोज माणसं थांबतात. गाडी जाईपर्यंत कुणी घाई केली तर मी ओरडतो. तसं या घरात वर्षातून एक दिवस मी थांबतो. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

मासा कसा जाळायचा हे तुम्ही विचारलंत. मियेनला ते लिहिता येणार नाही, कारण तिला माहीत नाही. मला माहीत आहे, मी बघितलं आहे. ती मडकं चुलीवर ठेवते, समोर बसते, आणि कुठे तरी निघून जाते. परत येते तोवर तळाला लागलेलं असतं. हे दुसऱ्याला जमण्यासारखं नाही.

म्हणून एक विचारतो. सत्तावीस तारखेला मी ड्यूटी बदलून घेतली आहे. आदल्या दिवशी, सोमवारी, सकाळच्या गाडीनं नाम दिन्ह, तिथून बस आणि फेरी, संध्याकाळपर्यंत पोचू. तुमची हरकत नसेल तर मियेनला तुमच्या चुलीपाशी थोडी जागा द्यावी. मी बाहेर अंगणात बसेन. माझ्यासाठी वेगळं काही करू नये. केळफुलाची कोशिंबीर मला फार आवडते, पण ती नसली तरी चालेल.

आपला,
वुओंग


दोंग सा
२ ऑगस्ट १९९९

मियेन आणि वुओंग,

नीट पोचलात हे कळलं. मडकं इथेच राहिलं आहे. राहू दे. दर वेळी एवढं ओझं कशाला वाहायचं?

तुम्ही गेल्यावर गावाला बोलायला विषय मिळाला आहे. म्हातारा बिएन तर प्रत्येकाला सांगत सुटलाय की त्यानं आयुष्यात इतकं वाईट शिजवलेलं काही इतक्या आवडीनं खाल्लं नाही. लापला पत्र टाकलंय की खरा मासा झाला, तू नव्हतास. वुओंग, तू कोशिंबीर तीनदा घेतलीस. मी मोजत नव्हते, पण लक्ष होतं. आता दर वर्षी तेवढीच घ्यावी लागेल, तुला ठाऊकच आहे.

पुढच्या वर्षी सहाव्या महिन्याची पौर्णिमा सोळा जुलैला आहे. मास्तरांच्या कॅलेंडरात आधीच बघून घेतलं. त्या दिवशी दोघंही इकडे या. मियेन, चूल तुझी. आणि सत्तावीस जुलैला तू तिकडे नेहमीसारखा मासा कर. मी आधी बंद कर म्हणाले होते ते विसर. दोआन दोनदा जेवला तर जेवू दे, दोन वर्षांची भूक आहे. मी त्या दिवशी आमच्या दफनभूमीत जाईन, पण त्याच्या दगडापाशी नाही बसणार. त्याला आता तिथी आहे, घर आहे, दोन दोन चुली आहेत. मागच्या रांगेत बिननावाचे अजून बरेच आहेत ज्यांना यातलं काही नाही. यंदा मी त्या मागच्या रांगेत पहिल्यांदा गेले. तिथे कुणी विचारत नाही हे तू म्हणालीस ते खरं आहे. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, ती रडत होती. मीही विचारलं नाही. नुसता पदर पुढे केला.

आता एक गोष्ट सांगते आणि थांबते. काल अध्यक्ष घरी आले. चहा घेतला, पान खाल्लं, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मला कळत होतं काही तरी टोचतंय. शेवटी म्हणाले, "थोमताई, त्या दिवशी दफनभूमीत पहिल्या रांगेत तुमच्या भावजय बसल्या ते ठीक. हुतात्म्याची पत्नी म्हणून आम्ही समजून घेतलं. पण त्यांच्या शेजारी रेल्वेची टोपी घालून एक गृहस्थ बसले होते. ती रांग फक्त नातेवाइकांची असते."

मी म्हटलं, "नातेवाईकच आहे तो."

"मियेनबाईंचा?"

"दोआनचा," मी म्हटलं.

थोम